पंख्यावरचं झाकण

‘लॅपविंग’ बुडाली ती काही समुद्रात नव्हे. कॅल्डन कालव्यात, चार फूट पाण्यात, स्वतःच्याच मेखांना बांधलेली असताना बुडाली. मागची बाजू तळाला टेकली, पुढची वर राहिली, आणि छपरावरच्या सायकली, कुंड्या, सरपणाची मोळी सगळं जागच्या जागी कोरडं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बोट जरा वाकून पाण्यात काहीतरी शोधते आहे. पण कालव्यावर जन्म काढलेल्या माणसांना एका नजरेत कळलं. अर्ध्या तासात काठाच्या पायवाटेवर सातआठ जण जमले. कुणी पंप आणला, कुणी ताडपत्री, कुणी नुसतंच तोंड.

ब्रायनी काठावर उभी होती. कमरेपर्यंत भिजलेली, दात वाजताहेत, आणि कडेवर पंधरा महिन्यांची आयव्ही अगदी मजेत, पंपाच्या नळीकडे बोट दाखवत.

शेजारच्या बोटीवरचा विल्फ टनिक्लिफ गर्दीतून पुढे आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा. त्याचे आजे-पणजे ह्याच कालव्यावर मातीची भांडी वाहायचे, आणि लीक गावापासून खाली स्टोक शहरापर्यंत कुणाचंही इंजिन कुरकुरलं की आधी विल्फला हाक जायची. त्यानं कशी, कधी, काही विचारलं नाही.

“पंख्यावरचं झाकण घट्ट होतं ना, पोरी?”

“हो,” ब्रायनी म्हणाली. “घट्ट आहे.”

‘होतं ना’ असं विचारलं होतं, तिनं ‘आहे’ असं सांगितलं. आणि त्या घटकेला ते खरोखरच घट्ट होतं. तासाभरापूर्वी तिनंच ते पाण्याखाली हात घालून आवळलं होतं.

सकाळी घडलं होतं ते असं. ग्रेग, तिचा नवरा, टाइल्सच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. टाकीतलं पाणी संपलं म्हणून ती एकटी बोट घेऊन मैलभरावरच्या नळावर गेली. एकटीनं सत्तावन्न फुटी बोट चालवते ह्याचा तिला मनातून अभिमानच होता. ती मुळात धसमुसळी बाई नव्हे. गॅसची तोटी दोनदा तपासणारी, पोर जरा जास्त वेळ शांत झोपलं तर नाकापुढे बोट धरून श्वास बघणारी. बोटीवर राहायला यायच्या आधी तिनं पुस्तकं वाचली होती, वह्या भरल्या होत्या, आणि निघण्यापूर्वी काय काय बघायचं ह्याची यादी शेगडीच्या वर भिंतीवर चिकटवली होती. ग्रेग म्हणायचा, “माझी बायको बोटीचीही परीक्षा पहिल्या नंबरानं पास होणार.”

परत येताना वळणावर बोटीचा जोर गेला. बोट पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी अडकलं होतं. तिनं इंजिन बंद केलं, बोट काठाला बांधली, मागच्या डेकची फळी उचलली. तिथं पंख्याच्या बरोबर वर एक चौकोनी पेटी असते. तिच्यावरचं लोखंडी झाकण काढलं की खाली थेट कालवा. स्क्रू सैल करायचा, झाकण बाजूला ठेवायचं, बर्फासारख्या पाण्यात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि जे हाताला लागेल ते कापून काढायचं. खताच्या पोत्याची नायलॉनची दोरी निघाली, पावाच्या सुरीनं कापता कापता बोटं बधिर झाली. आणि तेवढ्यात आत आयव्ही किंचाळली.

नेहमीचं रडणं नव्हतं ते, निदान ब्रायनीला तसं वाटलं. तिनं झाकण पेटीवर ठेवलं आणि धावली. आयव्हीचा चमचा खाली पडला होता. बस, एवढंच. चमचा दिला, नाक पुसलं, लंगोट बदलला, ओटच्या घावनाचा तुकडा हातात दिला. मग बाहेर येऊन तिनं डेकची फळी बसवली, इंजिन चालू केलं आणि निघाली. झाकण जागेवर दिसत होतं. स्क्रू फिरवायचा राहिला होता.

बोट उभी असती तर काही झालं नसतं, पेटीची कड पाण्याच्या वर वीतभर असते. पण पंखा फिरायला लागला की पाणी खालून उसळतं. मोकळं झाकण पहिल्या पाच मिनिटांतच बाजूला सरलं असणार. अर्धा तास पंखा इंजिनाच्या खड्ड्यात पाणी फेकत राहिला, आणि इंजिनाच्या आवाजात तिला काही कळलं नाही. जागेवर येऊन तिनं बोट बांधली, आयव्हीला बाबागाडीत घातलं आणि गावात दुकानावर गेली. तोवर मागची बाजू एवढी जड झाली होती की पेटीची कडच पाण्याखाली गेली. पुढचं काम कालव्यानं सावकाश, घाईगर्दी न करता उरकलं.

परत आल्यावर तिनं बाबागाडीला ब्रेक लावला, गाडी कुंपणाला बांधली आणि पाण्यात उतरली. हातानं चाचपडलं, झाकण सापडलं, ते जागेवर दाबून तिनं स्क्रू आवळला. ह्यात लपवाछपवी नव्हती. झाकण लावल्याशिवाय पाणी उपसताच येत नाही, कुणीही शहाण्या माणसानं आधी तेच केलं असतं. लबाडी झाली ती नंतर, त्या एका ‘हो’मध्ये.

तो ‘हो’ कुठून आला हेही तिला माहीत होतं. दोनच आठवड्यांपूर्वी बाळाची तब्येत बघायला दवाखान्यातली बाई बोटीवर येऊन गेली होती. गोड बोलली, पण पाण्याच्या कडेकडे बघून तिनं वहीत काहीतरी लिहिलं होतं. काय लिहिलं ते ब्रायनीला दिसलं नाही, आणि त्या दिवसापासून डोक्यातून गेलंही नाही. घरात बाळ सुखरूप नाही असं ठरलं तर सरकार ते आईबापाकडून काढून घेतं, हे ती ऐकून होती. शिवाय ग्रेगची आई पॉलीन. “लोक पाळणा घरात टांगतात, तुम्ही पाण्यावर!” हे ती दर रविवारी न चुकता म्हणायची. विल्फनं प्रश्न विचारला तेव्हा ब्रायनीच्या डोळ्यापुढे ती वही आली, पेन आलं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर बसलेली आयव्ही आली. शब्द तोंडातून निघून गेला.

विल्फचा चेहरा मात्र पडला.

“मग माझंच काम म्हणायचं,” तो म्हणाला.

पंख्याचा दांडा जिथून बोटीबाहेर जातो, तिथं फट बुजवायला चरबी लावलेली वाखाची पॅकिंग असते. ती झिजली की पाणी ठिबकतं. पंधरवड्यापूर्वी ती विल्फनंच नवी भरून दिली होती. नवी पॅकिंग आठ दिवसांत दबून बसते, मग पुन्हा जरा आवळावी लागते. विल्फ खोकल्यानं आजारी पडला आणि ते राहून गेलं. आता पाणी उपसल्यावर तो इंजिनाच्या खड्ड्यात पोटावर आडवा झाला, नटाला पाना लावला. नट अर्धा फेरा फिरला.

“बघा,” तो वर जमलेल्यांना म्हणाला. “अर्धा फेरा. आठवडाभर ठिबकत राहिलं. आणि आत आलेलं पाणी आपोआप उपसणाऱ्या पंपाचा हा बघा खटका, वंगणाच्या गाळात अडकलाय. पंप चाललाच नाही. दोन्ही मिळून झालं हे.”

अर्ध्या फेऱ्यानं थेंब वाढतात, बोट बुडत नाही, हे ब्रायनीला पुस्तकावरून माहीत होतं. विल्फला तर पक्कं माहीत असणार. पण दुसरं कारणच शिल्लक नव्हतं. तिनंच ते शिल्लक ठेवलं नव्हतं.

“माफ कर, पोरी,” विल्फ म्हणाला. टोपी काढून म्हणाला.

तेव्हा सांगता आलं असतं. सगळे समोर होते. पण तिला वाटलं, आत्ता नको, आधी अंग पुसू, बाळाला ऊब देऊ, मग सांगू. असं ‘मग’ एकदा पुढे ढकललं की ते हातात परत येत नाही.

*

विल्फनं त्या दिवशी अंधार पडायच्या आत इंजिन वाचवलं. बुडालेल्या इंजिनाला दुसरा दिवस बघू द्यायचा नसतो. त्यानं तेल सोडलं, ते दुधाळ चहासारखं बाहेर आलं. नवं भरलं, इंजिन हातानं फिरवलं, पुन्हा सोडलं. असं तीन वेळा. स्टार्टर काढून धुतला आणि आपल्या बोटीवरच्या भट्टीत मंद आचेवर वाळत ठेवला. “आठवडाभर माझ्या पावाला वंगणाचा वास येतोय,” तो म्हणायचा. “पोट मात्र झकास फिरतंय.”

ब्रायनी आणि ग्रेग पॉलीनच्या घरी राहायला गेले. पण रोज सकाळी ब्रायनी आयव्हीला घेऊन बसनं कालव्यावर यायची, आणि रोज विल्फ तिच्या आधी हजर असायचा. बोट दुरुस्त होईपर्यंत आपण फुकट राबणार हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागलं असतं.

तळातली प्लायवूडची जमीन पुरीसारखी फुगली होती. ती उखडली. तिच्याखाली बोटीला वजन म्हणून रचलेल्या निळ्या विटा गाळानं माखल्या होत्या. त्या एकेक बाहेर काढून, घासून, पायवाटेवर वाळत घातल्या. भिंतींच्या लाकडी फळ्यांवर पाणी कुठवर चढलं त्याची काळी रेघ उमटली होती. त्या रेघेच्या वर हातभर कापून खालचं सगळं काढलं. फळ्यांमागे ऊब राखायला भरलेला ओला कापूस मूठमूठ ओढून पोत्यांत भरला. मग उघड्या लोखंडावर तारेचा ब्रश, गंजाचं औषध, रंग. आणि मग खिडक्या उघड्या टाकून तीन आठवडे शेगडी पेटती, कारण ओलीवर नवी फळी ठोकली की सहा महिन्यांत आतून कुजते.

“घाई करशील तर कुजका माल झाकून ठेवशील,” विल्फ म्हणाला. “वरून छान दिसेल. पण वास येतोच.”

त्याच्या मनात काही नव्हतं, तो लाकडाबद्दलच बोलत होता. ब्रायनीचे कान मात्र तापले. ती खाली मान घालून विटा घासायला लागली.

“अगं बाई, घासायच्या आहेत, पुजायच्या नाहीत,” विल्फ हसला. “जमिनीखाली जाणार त्या. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना,” ती म्हणाली.

लोक वस्तू आणून देत होते. कुणी रजया, कुणी ताटल्या, कुणी फुलं रंगवलेली जुनी किटली. वरच्या पुलाजवळच्या बाईंनी आयव्हीसाठी लोकरीचं पांघरूण विणून पाठवलं. ब्रायनीनं ते आयव्हीला एकदाही पांघरलं नाही, घडी करून ठेवून दिलं. चोरीच्या वस्तूसारखं वाटायचं ते. आणि देणारा प्रत्येक जण जाता जाता विल्फच्या नावानं एक उसासा टाकायचा. बिचारा. वय झालं. कधीतरी व्हायचंच होतं.

सगळ्यात मोठा उसासा होता जोसीचा. जोसी म्हणजे कोळशाची बोट. पंधरा दिवसांनी एकदा शनिवारी यायची, कोळसा, गॅस, डिझेल विकायची, आणि ह्या पुलावरची बातमी त्या पुलावर पोचवायची. जोसीला सांगितलं की कालव्याच्या दोन्ही टोकांना सांगितल्यासारखंच. बाई मनानं वाईट नव्हती. पण तिच्या बोटीत कोळशापेक्षा बातमीच लवकर संपायची.

“काय गं, कसं चाललंय?” पोतं खांद्यावरून उतरवत तिनं विचारलं. आणि आवाज खाली आणून, म्हणजे फक्त तीन बोटींना ऐकू जाईल एवढाच ठेवून, म्हणाली, “मी आपला माझा दांडा ह्या खेपेला खालच्या यार्डातल्या पोराकडून आवळून घेतला. विल्फला सांगू नकोस. जीव तुटतो गं. पण माझी रोजीरोटी पाण्यावर आहे. मी सगळ्यांना सांगते, म्हाताऱ्याला चहा पाजा, पाना देऊ नका.”

ब्रायनी हसली. आपण हसलो हे तिला घरी पोचल्यावर कळलं, आणि ती न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ नुसती उभी राहिली.

ग्रेग विल्फवर चिडलेला नव्हता, हे आणखी वाईट. “त्याचा राग नाही मला,” जेवताना तो म्हणाला. “पण माणसानं आपलं वय ओळखावं. तुम्ही दोघी त्या वेळी बोटीत असतात तर?”

“तू त्याला काही बोलू नकोस हं.”

“नाही बोलणार.” त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. “तुझं मन फार मोठं आहे, ब्राय. दुसरी कुणी असती तर त्याला दारात उभं केलं नसतं.”

पॉलीन बटाटे वाढता वाढता म्हणाली, “तो बिचारा रोज येऊन राबतोय ना? चूक कबूल करायला छाती लागते. आजकालच्या पोरांत नाही ती.”

ब्रायनी आयव्हीचं तोंड पुसत राहिली.

*

सहाव्या आठवड्यात नवी जमीन बसली, वायरी ओढल्या, बॅटऱ्या आल्या, कपाटांना दारं लागली. गुरुवारी विल्फ आयव्हीच्या पलंगाचा कठडा बसवत होता. कठड्याच्या कडा त्यानं आधीच हातानं घासून गुळगुळीत केल्या होत्या, बोट फिरवून फिरवून बघत होता. आयव्ही त्याच्या पायाशी बसून त्याच्या बुटाची नाडी सोडत होती.

“रविवारी गिऱ्हाईक येतंय,” तो सहज म्हणाला.

“कसलं गिऱ्हाईक?”

“माझ्या बोटीचं. मुलगी सात वर्षं मागे लागली होती, क्रू गावाला माझ्याकडे ये, तळमजल्यावर खोली आहे, दारात बस थांबते. मी नाही म्हणायचो. आता हो म्हटलं.” त्यानं स्क्रू फळीला टेकवला. “इथं राहिलो की लोक हाक मारणार. हाक आली की मी जाणार. आणि एखाद्या दिवशी पुन्हा काहीतरी राहून जाणार हातून. तू पोरीला घेऊन दुकानात गेली होतीस म्हणून, नाहीतर ह्या पिल्लाचं काय झालं असतं? मला नाही झेपत तो विचार.”

त्यानं दाराजवळ ठेवलेली कातड्याची गुंडाळी पायानं पुढे सरकवली. त्याचे पाने. दांड्याच्या नटाचा, त्याच्या बापानं घडवलेला लांब पाना गुंडाळीतून डोकं बाहेर काढून होता.

“हे ग्रेगला दे. त्याचा हात बरा आहे. खोलीत काय करू मी ह्याचं?”

“नको,” ती म्हणाली.

“अगं, राग मानून नको म्हणू नकोस.”

“विल्फ, झाकण उघडं होतं.”

“कुठलं झाकण?”

“पंख्यावरचं.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “दोरी अडकली होती. मी काढली. तेवढ्यात आयव्हीचा चमचा पडला आणि ती रडली. मी झाकण नुसतं ठेवलं, स्क्रू फिरवला नाही. बुडाल्यावर पाण्यात उतरून मीच बसवलं. तुम्ही यायच्या आधी. तुमच्या पॅकिंगला काही झालं नव्हतं.”

विल्फनं हातातला स्क्रू पूर्ण आत जाईपर्यंत फिरवला. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्याला काही ऐकू गेलं की नाही, असं तिला क्षणभर वाटलं.

“सहा आठवडे,” तो म्हणाला.

“मला सांगायचं होतं, रोज—”

“सहा आठवडे मी सकाळी उठून हे हात बघतोय.” त्यानं दोन्ही हात तिच्यापुढे धरले. बोटांचे सांधे सुजलेले, नखांत रंग. “पावाला लोणी लावताना बघतोय. थरथरतात का. कपबशी उचलताना बघतोय. माझ्या पोरीला मी फोनवर सांगितलं, एखाद्या दिवशी मी कुणाचा तरी जीव घेईन. रडली ती. आणि तू इथं बसून विटा घासत होतीस.”

“मला भीती वाटली. दवाखान्यातली ती बाई, ग्रेगची आई... मला वाटलं आयव्हीला—”

“आयव्हीला मधे आणू नकोस.” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. आयव्हीनं नाडी सोडली आणि वर बघितलं. “चमचा पाडला आणि रडली, एवढाच तिचा गुन्हा. झाकण कुणाचंही राहील. माझंही राहिलं होतं एकदा, एकोणीस वर्षांचा होतो मी, बापानं लॉकच्या पाणदरवाजावर सगळ्यांदेखत थोबाडीत मारली होती. झाकण राहिलं म्हणून मी तुला काही म्हणत नाही.”

तो वाकून बूट बांधायला लागला. वेळ लागला. ब्रायनीला पुढे होऊन नाडी बांधून द्यावीशी वाटली आणि हात पुढे झाला नाही.

“सगळ्यांना मी सांगते,” ती म्हणाली.

“कोण सांगणार दुसरं? मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारा पोरीवर ढकलतोय.” त्यानं पान्यांची गुंडाळी उचलून काखेत घेतली. दारात थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाला, “शनिवारी जोसी येते.”

त्या रात्री ग्रेगला सांगायचं असं तिनं बसमध्येच ठरवलं होतं. पण तो आला तो नव्या पलंगाची गादी खांद्यावर घेऊन, शीळ घालत. मग शुक्रवारी सांगू म्हटलं. शुक्रवारी पॉलीननं त्यांच्या निरोपाचं म्हणून मटणाचं कालवण रांधलं होतं, सगळ्यांना हसवत होती, आयव्हीला मांडीवर नाचवत होती. ब्रायनी वाट बघत राहिली. कुठल्या मोकळ्या जागेची वाट बघत होती कोण जाणे. तशी जागा सापडत नसते, ती करावी लागते, हे तिला कळत होतं. तरी तिनं केली नाही.

*

शनिवारी सकाळी ते सामान घेऊन बोटीवर आले. ग्रेग छपरावर चढून शेगडीचं धुराडं बसवत होता. थंडी कोरडी होती, कालव्यावर वाफ होती, आणि त्या वाफेतून जोसीच्या इंजिनाची ठकठक आधी आली, मग जोसी आली. पलीकडच्या बोटीवरचं जोडपं रिकामं सिलिंडर घेऊन काठावर येऊन थांबलं. विल्फ आपल्या बोटीच्या पुढच्या बाजूला बसून बटाटे सोलत होता. त्यानं मान वर केली नाही.

“वा, वा, नवरीसारखी नटलीये की!” जोसी ओरडली. “किती पोती देऊ?”

“चार.” ब्रायनीनं आयव्हीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “जोसी, एक सांगायचंय. बोट विल्फच्या पॅकिंगमुळे बुडाली नाही.”

“मग?”

“मी पंख्यावरचं झाकण आवळायला विसरले. नंतर पाण्यात उतरून लावलं आणि घट्ट होतं म्हणून सांगितलं. विल्फचं काही चुकलं नव्हतं.”

तिनं हे वाक्य दोन दिवस मनात घोकलं होतं, म्हणून ते सरळ निघालं. पाठ केलेल्या धड्यासारखं. त्याचीही तिला लाज वाटली.

जोसीच्या हातात पोतं होतं, ते तसंच राहिलं. सिलिंडरवाल्या जोडप्यातला नवरा उगाच पाण्याकडे बघायला लागला. छपरावर ग्रेगच्या हातोडीचा आवाज थांबला होता. ब्रायनीनं वर बघितलं नाही.

“आणि मी,” जोसी हळूहळू म्हणाली, “मी पार कालव्याच्या टोकाला, एट्रुरियापर्यंत सांगत गेले. माणसाचं नाव घेऊन. मला खोटं पाडलंस तू. माझ्या तोंडून त्याची अब्रू घालवलीस. हसत होतीस गं माझ्यापुढे.”

“हो,” ब्रायनी म्हणाली.

जोसीनं पोतं काठावर टाकलं. एरवी ती पोती स्वतः छपरावर रचून द्यायची. आज तिनं चारही काठावर टाकली आणि वळली.

“विल्फ! ए विल्फ!”

“बहिरा नाही मी.”

“माझ्या दांड्यातून पाणी ठिबकतंय. त्या यार्डातल्या पोरानं आवळल्यापासून जास्तच.”

“मग त्या पोरालाच बोलाव.”

“भाव खाऊ नकोस, म्हाताऱ्या. चुकलं माझं. सगळ्यांचंच चुकलं. बघतोस का?”

विल्फनं बटाटा पुरता सोलला, पाण्यात टाकला, सुरी पुसली. “घोटभर चहा पिऊन येतो,” तो म्हणाला.

“आणि उद्याचं गिऱ्हाईक?”

“येईल तसं जाईल.”

तो आत गेला आणि खरोखरच चहाला वेळ लावला. जोसी तिष्ठत उभी राहिली. मग तो गुंडाळी काखेत घेऊन पायवाटेनं आला. ब्रायनीजवळून जाताना त्याला बघून आयव्हीनं दोन्ही हात पुढे केले. त्यानं तिच्या टोपीला बोट लावलं, एवढंच. ब्रायनीकडे न बघता तो पुढे गेला. जोसीच्या बोटीवर चढून, एक हात टेकून, दुसरा गुडघ्यावर ठेवून तो इंजिनाच्या खड्ड्यात उतरला आणि दिसेनासा झाला. आतून त्याचा आवाज तेवढा आला, “हे काय आवळलंय का गाढवानं गाठ मारलीये?”

सिलिंडरवाली बाई हसली. मग ब्रायनी तिथंच आहे हे आठवून गप्प झाली.

ग्रेग छपरावरून उतरला होता. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या गालावर काजळीचा पट्टा होता, आणि त्या क्षणी तो तिला अगदी लहान दिसला. त्यानं हात पुढे केले. तिला वाटलं, तिला जवळ घेईल. त्यानं आयव्हीला घेतलं.

“ग्रेग—”

“तिला थंडी वाजतेय,” तो म्हणाला. “तिला आत झोपवतो. मग बोलू.”

तो आयव्हीला घेऊन आत गेला. नव्या दाराची कडी अजून सवयीची झाली नव्हती, लावताना अडखळली, मग लागली.

ब्रायनी वाकली आणि पहिलं पोतं उचलायला लागली. ते तिच्या अंदाजापेक्षा जड होतं. छपरापर्यंत नेईस्तोवर तिला दोनदा थांबावं लागलं. पुढे येऊन कुणी हात लावला नाही, आणि लावावा असं तिलाही वाटलं नाही. काठावर अजून तीन होती.